दोरखंडाची किंमत : रॉबर्ट ट्रेसेल यांच्या कादंबरीतील खर्चाची भाषा

रॉबर्ट ट्रेसेल यांच्या ‘द रॅगेड ट्राउझर्ड फिलॅन्थ्रॉपिस्ट्स’ या कादंबरीविषयी जे टीकालेखन झाले आहे त्याचा मोठा भाग एकाच प्रश्नाभोवती घुटमळत राहिला आहे. ही कादंबरी म्हणावी की प्रचारग्रंथ? एका पक्षाच्या मते तिच्यातील समाजवादी व्याख्याने काढून टाकली तर उत्तम वास्तववादी कथा हाती लागेल. दुसऱ्या पक्षाला ही व्याख्याने हाच ग्रंथाचा प्राण वाटतो. दोन्ही पक्षांच्या वादात ग्रंथातील सर्वांत उघड गोष्ट मात्र दृष्टीआड होते. ही घरांच्या दुरुस्तीची व रंगकामाची कामे घेणाऱ्या एका पेढीची वर्षभराची हकिगत आहे. निविदा कशी भरावी, मजुरी कोठे वाचवावी, रंगाचे तीन हात ठरले असता दोनांत कसे भागवावे, माणूस केव्हा घ्यावा आणि केव्हा काढावा, या प्रश्नांखेरीज तिच्या कथानकाला दुसरे इंधन नाही. बांधकामाच्या धंद्यात खर्चाला आळा कसा घालावा आणि नफा कसा वाढवावा याविषयी व्यवस्थापनशास्त्राचे ग्रंथ पुष्कळ आहेत. तोच विषय शिडीवर उभ्या असलेल्या माणसाच्या बाजूने इतक्या तपशिलाने मांडणारी दुसरी कादंबरी इंग्रजीत सहज आठवत नाही.

तो तपशील ऐकीव नाही. लेखकाचे खरे नाव रॉबर्ट नूनन. १८७० मध्ये डब्लिन येथे त्यांचा जन्म झाला; काही वर्षे दक्षिण आफ्रिकेत काढून ते इंग्लंडच्या दक्षिण किनाऱ्यावरील हेस्टिंग्ज या गावी आले आणि तेथील निरनिराळ्या पेढ्यांत रंगारी व पाट्या रंगविणारे म्हणून राबले. ‘ट्रेसेल’ हे टोपणनावही कामाच्या जागेवरूनच आलेले आहे. इंग्रजीत ‘ट्रेसल’ म्हणजे रंगाऱ्यांची फळी टेकवण्याची घोडी. १९११ मध्ये लिव्हरपूल येथे क्षयाने त्यांचा अंत झाला, तेव्हा सोळाशेहून अधिक पानांचे हस्तलिखित अप्रकाशितच होते. मुलगी कॅथलीन हिने ते जपले नसते तर या चर्चेला विषयच उरला नसता.

कथा घडते ती मग्जबरो नावाच्या कल्पित गावी. नगराध्यक्ष स्वेटर यांनी ‘द केव्ह’ नावाचे एक मोठे घर विकत घेतले आहे व त्याच्या दुरुस्तीचे काम रश्टन आणि कंपनी या पेढीकडे आले आहे. पेढीचा व्यवस्थापक हंटर. कामगारांनी त्याला ‘निमरॉड’ आणि ‘मिझरी’ अशी दोन नावे दिली आहेत, एक बायबलातील शिकाऱ्याचे आणि दुसरे साक्षात दैन्याचे. तो सायकलवरून येतो, दूर उतरतो, मागच्या दाराने पाऊल न वाजवता घरात शिरतो. खर्चाचे नियंत्रण म्हणजे प्रथमतः एक दबा धरून बसलेली नजर, हे पहिल्या काही पानांतच वाचकाच्या अंगवळणी पडते. म्हातारा लिंडन या नजरेच्या तावडीत सापडतो. तो पाइप ओढताना पकडला जातो हे निमित्त. खरे कारण असे की त्याला तासाला सात पेनी द्याव्या लागतात आणि न्यूमन नावाचा एक गरजू कारागीर साडेसहावर यायला तयार झालेला आहे. तासामागे अर्धी पेनी वाचते. पेढीच्या वहीत ही बचत आहे. लिंडनच्या आयुष्यात ती कंगालखान्यापर्यंतची वाट आहे.

न्यूमनची पुढील कथा याहूनही बोलकी आहे. कमी दराने आलेला हा मनुष्य काम मन लावून करतो. भेगा नीट बुजवतो, पृष्ठभाग नीट घासतो, मगच रंगाला हात घालतो. परिणामी तो मंद ठरतो आणि त्याचीही नोकरी जाते. दर कमी करून जे साधले ते त्याच्या चोखपणामुळे निसटत होते, एवढाच त्याचा अपराध. येथे ट्रेसेल यांनी ठेक्याच्या अर्थशास्त्राचे मर्म एकाही आकडेमोडीवाचून उघडे केले आहे. रंग, तेल, सफेदा यांचे भाव बाजार ठरवतो. त्यांत लहान पेढीला फार काही करता येत नाही. निविदेतील रक्कम स्पर्धेने आधीच खाली ओढलेली असते. मग नफा काढायचा कोठून? उरतात दोनच जागा, वेळ आणि थर. तास कमी लावायचा, नाही तर थर कमी लावायचा. आणि बहुधा दोन्ही. न्यूमनचा पॉलिश पेपर हा या हिशेबातला अडथळा आहे.

स्पर्धेचे हे चित्र ट्रेसेल यांनी प्रतिस्पर्धी पेढ्यांच्या नावांतून रेखाटले आहे. पुशेम आणि स्लॉगेम, मेकहेस्ट आणि स्लॉगिट, ब्लफम आणि डोमडाउन, स्मिअरिटन आणि लीव्हिट, डॉबर आणि बॉचिट. इंग्रजी कानाला ही नावे ऐकताक्षणी फुटतात. ढकला आणि राबवा, घाई करा, थाप मारा, फासा आणि सोडून द्या, लिंपा आणि बिघडवा. रश्टन या नावातही घाई दडलेली आहे. टीकाकारांनी या नावांना बाळबोध रूपकाचा दोष दिला आहे, आणि पात्रांच्या बाबतीत तो काही अंशी खरा मानावा लागतो. ज्याचे नावच स्लाइम, त्याच्याविषयी वाचकाला आणखी काय शोधायचे राहते? परंतु पेढ्यांची नावे ही पात्रनामे नव्हेत. ती क्रियापदे आहेत, आणि बहुतेक आज्ञार्थी. गावातील पेढ्यांची यादी वाचणे म्हणजे एका मुकादमाचा दिवसभराचा ओरडा ऐकणे होय. निविदा भरणाऱ्या पेढ्या वेगवेगळ्या असल्या तरी त्यांची आज्ञा एकच आहे. म्हणून निविदा कोणाचीही मंजूर झाली तरी घराच्या भिंतीला मिळायचे ते तेच मिळते. हे विधान ट्रेसेल कोठेही वाक्यात करीत नाहीत. ते नावांच्या व्याकरणात आहे.

भाषेच्या अभ्यासकाने या ग्रंथात सर्वांत अधिक जेथे थांबावे ती जागा मात्र नावांची नव्हे, कामाच्या नोंदपत्रकाची आहे. कादंबरीत पेढीच्या छापील नोंदपत्रकाचा नमुना जसाच्या तसा दिलेला आहे. वार, कामाची जागा, काय केले, केव्हा सुरू केले, केव्हा संपविले, एकूण तास, असे रकाने; वर धूम्रपान व मद्यपान यांस मनाई करणारी सूचना; आणि प्रत्येक कामाचे पूर्ण वर्णन करावे, त्यास किती वेळ लागला ते लिहावे, अशी ताकीद. नोंदपत्रक हा वाङ्मयप्रकार नाही हे खरे, पण त्यालाही कथनाचे नियम असतात, आणि ते कठोर असतात. त्यात कर्ता एकच, तो मजूर. क्रियापदे मोजता येण्याजोगी. विशेषणाला रकाना नाही. काम चांगले झाले की वाईट हे सांगण्याची सोयच या कथनात नसल्याने, हिशेबनिसाच्या दृष्टीने चांगले व वाईट काम यांत उरणारा भेद फक्त तासांचा असतो. आणि तासांच्या कसोटीवर वाईट काम नेहमीच सरस ठरते. ट्रेसेल यांची कादंबरी म्हणजे या नोंदपत्रकातील ‘काय केले’ या रकान्यात न मावलेला मजकूर होय, असे म्हणता येईल. ग्रंथाची लांबी, त्यातील पुनरुक्ती, जेवणाच्या सुटीतील न संपणारी संभाषणे, एकाच खोलीच्या रंगाचे पानोपानी येणारे वर्णन, यांचा उलगडाही येथे होतो. ज्याला रकाना नाही त्याला पाने लागतात.

कामगारांना ट्रेसेल ‘हँड्स’ म्हणतात. मालकांच्या तोंडचाच शब्द ते उचलतात आणि तो इतक्या वेळा वापरतात की त्याची धार परत येते. मराठीत या शब्दापाशी एक विलक्षण अडचण उभी राहते, आणि ती अडचण म्हणजे लाभच आहे. मराठी रंगाऱ्याच्या बोलीत ‘हात’ म्हणजे रंगाचा थर. भिंतीला पहिला हात दिला, दुसरा हात मारायचा आहे, असे आपण म्हणतो. इंग्रजीतला ‘हात’ हा माणूस. मराठीतला ‘हात’ हे त्या माणसाचे काम. रश्टन आणि कंपनीचा सगळा कारभार या दोन अर्थांच्या मध्ये चालतो: हात कमी करायचे, दोन्ही अर्थांनी. मूळ इंग्रजीत जो श्लेष नाही तो मराठीत आपोआप पदरी पडतो. अनुवादकाने तो टाळण्याची खटपट करू नये.

याउलट ‘स्कॅम्पिंग’ या शब्दापाशी मराठी तोकडी पडते, आणि ती का पडते याचा विचार कादंबरीच्या आशयापर्यंत नेतो. ‘स्कॅम्प’ करणे म्हणजे काम घाईने, सामान व श्रम वाचवून, वरवर नीटनेटके दिसेल एवढेच करणे. मराठीत जवळचा वाक्प्रचार ‘पाट्या टाकणे’. तोही मजुरीच्या कामातूनच आलेला आहे. पाटी म्हणजे माती वाहण्याची टोपली, आणि पाट्यांच्या संख्येवर ज्याची मजुरी ठरते त्याला टोपली कशीही भरून ओतण्यातच हित दिसते. परंतु रूढ वापरात हा वाक्प्रचार दोष ठेवतो तो मजुराच्या माथी. पाट्या टाकणारा तो आळशी, अंगचोर, कामचुकार. ज्याने पाट्या मोजण्याची पद्धत घातली त्याचा या शब्दात मागमूस नाही. ट्रेसेल यांच्या कामगारांची गोष्ट नेमकी उलट आहे. त्यांना काम चोख करायचे असते. चोख करण्याची त्यांना मनाई असते. ओवेन, हार्लो, फिल्पॉट हे आपल्या हातून निघणाऱ्या वाईट कामाची लाज बाळगणारे कारागीर आहेत. हुकूम पाळून वाईट काम करणाऱ्यासाठी मराठीत शब्द नाही. ‘उरकणे’ हा त्यांतल्या त्यात तटस्थ, पण फारच सौम्य. आणि ‘सारवासारव’ हा शब्द शेणामातीने जमीन सारवण्याच्या घरगुती कामातून निघून केव्हाच राजकारणात जाऊन बसला आहे. ‘पाट्या टाकायला लावणे’ असे प्रयोजक रूप योजावे, हा त्यातल्या त्यात प्रामाणिक मार्ग दिसतो. प्रयोजक क्रियापद दोन कर्ते मागते, आणि या कादंबरीला दोन कर्तेच हवे आहेत.

या नियमाला ग्रंथात एकच मोठा अपवाद आहे, आणि तो ग्रंथातील सर्वांत सुंदर भाग आहे. ‘द केव्ह’मधील दिवाणखाना मूर शैलीत रंगवावा अशी कल्पना निघते व ते काम ओवेनकडे येते. आराखडे तो रात्री आपल्या घरी, झोप मोडून तयार करतो. पेढीने चुकवलेल्या वेळात ती रेखाटने बसत नाहीत. बसवायची म्हटली तर काम परवडत नाही. ओवेनला आपण लुबाडले जात आहोत हे पुरते ठाऊक आहे, दिवसा तो सहकाऱ्यांना हेच समजावून सांगत असतो. तरीही तो ती रेखाटने आनंदाने करतो. टीकाकारांनी या प्रसंगात रस्किन व मॉरिस यांच्या कारागिरीविषयक विचारांची छाया पाहिली आहे आणि ती आहेही. परंतु प्रसंगाचे बळ विचारात नाही, विसंगतीत आहे. घरात जी एक खोली उत्तम झाली ती उत्तम झाली याचे कारण तिच्या खर्चाचा एक भाग कोणत्याच वहीत नोंदलेला नाही. चांगल्या कामाचा भार कारागिराच्या प्रेमावर टाकणे हीदेखील खर्चनियंत्रणाचीच एक रीत आहे, आणि सर्वांत स्वस्त. ट्रेसेल यांनी हे लिहिले तेव्हा ते स्वतः हेस्टिंग्जच्या सेंट अँड्र्यू चर्चमधील भित्तिचित्रे रंगवून चुकले होते. ते चर्च १९७० मध्ये पाडले गेले. चित्राचा एक तुकडा तेवढा तेथील संग्रहालयात उरला आहे.

खर्च पेढीच्या वहीबाहेर ढकलण्याची ही युक्ती वरच्या मजल्यावरही चालते, फक्त तेथे तिला प्रेमाची जोड लागत नाही. स्वेटर यांच्या घराचे सांडपाणी मुख्य गटाराला जोडण्याचे काम गावाच्या पैशाने होते; ठराव मांडणारे, मंजूर करणारे आणि लाभ घेणारे यांची नावे तीच ती असतात. हा भाग उपरोधाने इतका ओथंबलेला आहे की त्यात विनोद विरघळून जातो. येथे कात्री चालली असती तर फारसे बिघडले नसते.

ग्रंथाचा कणा मात्र फिल्पॉटचा मृत्यू आहे. एका उंच घराला ‘पासष्ट’ या नावाने ओळखली जाणारी लांबलचक शिडी लावायची आहे. ती उभी करण्यासाठी वापरलेला दोर जुना, झिजलेला आहे. ती ओढली जात असता दोर तुटतो, शिडी कोसळते आणि म्हातारा फिल्पॉट ठार होतो. पुढे मृत्यूची चौकशी होते आणि तो अपघात ठरतो. त्यानंतर मृतदेहाचे अंत्यविधीचे काम कोणाला मिळावे यावरून रश्टनची पेढी आणि स्नॅचम नावाचा दुसरा व्यावसायिक यांच्यात चढाओढ लागते, कारण पेढीचा शवपेट्यांचाही धंदा आहे. जिवंत फिल्पॉटच्या खात्यावर पेढीने दोराची किंमत वाचवली. मेलेल्या फिल्पॉटच्या खात्यावर ती शवपेटीचा नफा मिळवू पाहते. हा प्रसंग अतिशयोक्त वाटण्याचा धोका होता. तो वाटत नाही, याचे कारण लेखनाचा सूर. ट्रेसेल येथे एकाएकी व्याख्यान थांबवतात. शिडीची लांबी, दोराची जागा, कोण कोठे उभा होता, कोणी काय धरले होते, एवढेच सांगतात. जो लेखक इतरत्र वाचकाच्या कानाशी सतत बोलत असतो तो नेमका येथे नोंदपत्रकाच्या भाषेत बोलू लागतो, आणि ती भाषा, जी आतापर्यंत माणूस लपवण्यासाठी वापरली जात होती, प्रथमच माणूस दाखवू लागते.

या प्रसंगाशेजारी ‘पैशाची युक्ती’ हे प्रसिद्ध प्रकरण ठेवून पाहावे. ओवेन पावाचे तुकडे, खिशातले चाकू आणि काही अर्ध्या पेनी घेऊन भांडवलाचा खेळ सहकाऱ्यांना करून दाखवतो. पाव म्हणजे कच्चा माल, चाकू म्हणजे यंत्रे. सभांतून आणि रंगमंचावरून या प्रकरणाचे प्रयोग झाले आहेत. अध्यापनाचा नमुना म्हणून ते अजोड आहे. परंतु खेळातील उद्योग कोणताही असू शकतो, आणि नेमकी तीच त्याची उणीव आहे. पाव कापताना कापणाऱ्याची घाई पावाच्या तुकड्यात लपत नाही, भिंतीत लपते. बांधकामाचे वैशिष्ट्य हेच की केलेले काम पुढच्या कामाखाली झाकले जाते. पाया जोत्याखाली जातो, विटा गिलाव्याखाली, गिलावा रंगाखाली. खर्चाची चोरी उघडकीस येते ती वर्षांनी, आणि तोवर देयक चुकते झालेले असते. ओवेनचा पाव हे सांगू शकत नाही. न्यूमनची भिंत सांगते. सिद्धान्तवादी ट्रेसेल यांच्यापेक्षा रंगारी ट्रेसेल अधिक खोल जातात, हे मान्य केल्याने त्यांच्या सिद्धान्ताचा अवमान होत नाही.

ग्रंथाची आणखी एक मर्यादा स्पष्टपणे नोंदविली पाहिजे. खर्च कमी करणे म्हणजे वेळ चोरणे किंवा थर चोरणे, याखेरीज तिसरी शक्यता ट्रेसेल यांच्या जगात नाही. कामांचा क्रम नीट लावला, सामान वेळेवर पोचले, एकदा केलेले पुन्हा करण्याची पाळी आली नाही, तरीही खर्च उतरतो. आणि त्यासाठी कोणाच्या मजुरीला हात लावावा लागत नाही. हंटर दिवसभर शिकार करीत हिंडतो, पण उद्याचे काम आज आखताना तो क्वचितच दिसतो. त्याच्या पाळतीमुळे गेलेले तास पेढीच्या कोणत्या खाती पडतात, हा प्रश्न कादंबरी विचारीत नाही. नियोजन कोणी करीत नव्हते म्हणून ते चित्रात नाही, असा बचाव संभवतो. तो पुरेसा नाही, कारण ओवेनसारखा बुद्धिमान कारागीर कामाच्या या अंगाविषयी गप्प राहतो, आणि ते अस्वाभाविक वाटते. हंटरच्या बाबतीत मात्र ट्रेसेल यांनी अखेरीस न्याय केला आहे. हा शिकारीही निविदांच्या जात्यात भरडला जातो आणि आत्महत्या करतो. खालच्या निविदेवर काम मिळवायचे, त्यातून नफा दाखवायचा, दाखवला की पुढची निविदा आणखी खाली. या उतरणीला तळ नाही, आणि व्यवस्थापक हा या उतरणीवरून सर्वांत वेगाने घसरणारा मनुष्य आहे. त्याचा मृत्यू लेखकाने थोडक्यात उरकला हे खेदकारक होय. फिल्पॉटला मिळाली तेवढी पाने हंटरला मिळती, तर कादंबरीचा तोल वेगळा झाला असता.

ग्रंथाच्या पाठाचा इतिहास तर या सर्वांवर भाष्यच ठरावा असा आहे. ग्रँट रिचर्ड्स या प्रकाशकाने हस्तलिखिताचे हक्क २५ पौंडांना घेतले. जेसी पोप यांच्या संपादनाखाली १९१४ मध्ये ते प्रसिद्ध झाले, पण व्याख्यानांचा मोठा भाग गळाला होता, प्रसंगांची फेरमांडणी झाली होती आणि शेवट ओवेनच्या काळोख्या निराशेवर आणून ठेवला होता. १९१८ च्या आवृत्तीत कात्री आणखी चालली. मूळ सुमारे अडीच लाख शब्दांतून नव्वद हजारांच्या आसपास उरले. फ्रेड बॉल यांनी मूळ हस्तलिखित शोधून काढले आणि १९५५ मध्ये लॉरेन्स अँड विशार्ट यांनी संपूर्ण पाठ छापला. त्यात शेवट आशेकडे झुकतो. चाळीस वर्षे इंग्रज वाचक जी कादंबरी वाचत होता ती, ट्रेसेल यांच्याच परिभाषेत सांगायचे तर, थर कमी केलेली होती. पोप यांच्यावर मात्र राग धरण्याचे कारण नाही. अज्ञात लेखकाचा एवढा मोठा ग्रंथ कोणी छापावा, हाही खर्चाचाच प्रश्न होता, आणि कापलेला का होईना, ग्रंथ कामगारांच्या हाती पोचला तो त्यांच्यामुळेच. तरीसुद्धा पुनरुक्ती काढल्याने कादंबरी सुधारली, हे मत १९५५ नंतर टिकत नाही. कामाची पुनरुक्ती हाच जिचा अनुभव, तिच्यातून पुनरुक्ती काढणे हे तिच्यावर उपकार करणे नव्हे.

ट्रेसेल यांचा विषय त्यांच्याबरोबर संपला नाही. त्याची शब्दकळा तेवढी बदलली. ब्रिटनमध्ये १९९४ चा लेथम अहवाल आणि १९९८ चा ईगन अहवाल यांनी बांधकाम-उद्योगाची झाडाझडती घेतली. सर जॉन ईगन हे पूर्वी जॅग्वार या मोटार-कारखान्याचे प्रमुख होते, आणि कारखान्याची दृष्टी त्यांनी बांधकामाला लावली. त्यांच्या समितीने वार्षिक उद्दिष्टे ठरविली: बांधकामाचा खर्च व कालावधी प्रत्येकी १० टक्के कमी, दोष २० टक्के कमी, अपघात २० टक्के कमी, उत्पादकता आणि नफा प्रत्येकी १० टक्के अधिक. खर्च, दोष आणि अपघात एकाच यादीत आले, हे लक्षणीय आहे. लिंडन, न्यूमन आणि फिल्पॉट एका ओळीत उभे राहिले. निव्वळ सर्वांत खालची निविदा घेणे महागात पडते, हे या अहवालांनी जे बजावले, ते हंटरची पेढी शंभर वर्षांपूर्वी आपल्या कृतीने सिद्ध करीत होती. नियोजनाविषयीचे ट्रेसेल यांचे मौन या अहवालांत भरून निघते. पण अहवालांच्या भाषेत ‘हात’ दिसेनासे होतात, हेही खरे.

याच काळात एक शब्द फार रूढ झाला, ‘व्हॅल्यू इंजिनिअरिंग’. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात जनरल इलेक्ट्रिक कंपनीत लॉरेन्स माइल्स यांनी मूल्य-विश्लेषणाची जी पद्धत घडविली तिच्यातून तो निघाला. वस्तूचे कार्य कायम राखून तेच कमी खर्चात कसे साधेल, याचा शोध, हा त्याचा मूळ आणि निर्दोष अर्थ. बांधकामाच्या व्यवहारात मात्र ‘कार्य कायम राखून’ ही अट पुष्कळदा गळून पडली आणि शब्द केवळ ‘स्वस्त करणे’ या अर्थी उरला. लंडनमधील ग्रेनफेल टॉवर या निवासी इमारतीच्या नूतनीकरणात बाहेरच्या आवरणासाठी आधी योजलेल्या जस्ताच्या पत्र्याऐवजी अ‍ॅल्युमिनियमचा, आत प्लॅस्टिकचा थर असलेला पत्रा वापरण्यात आला. त्यातून सुमारे २ लक्ष ९३ हजार पौंड वाचल्याचे पुढे प्रसिद्ध झाले. १४ जून २०१७ रोजी ती इमारत जळाली आणि ७२ माणसे मृत्यू पावली. सप्टेंबर २०२४ मध्ये चौकशीचा अंतिम अहवाल आला. त्याने दोष एका काटकसरीवर ठेवला नाही. सामग्रीचे उत्पादक, ठेकेदार, वास्तुविशारद, नियंत्रक आणि शासन या सर्वांची त्यात झडती आहे, आणि कार्यकारणाची साखळी फार लांब आहे. तेव्हा फिल्पॉटचा दोर आणि ग्रेनफेलचा पत्रा यांत सरळ समीकरण मांडणे सवंगपणाचे होईल. साम्य आहे ते शब्दाच्या वागणुकीत. रश्टन यांच्या काळी वाईट कामाला निदान एक वाईट नाव होते. कामगार त्याला ‘स्कॅम्पिंग’ म्हणत आणि म्हणताना लाजत. कमी प्रतीचे काम आणि खरीखुरी सुधारणा या दोघांना एकच सन्मान्य नाव मिळाले की त्यांत भेद करणारे साधनच भाषेतून नाहीसे होते. आणि ज्याला नाव नाही त्याविरुद्ध तक्रार लिहिणे अवघड असते. ट्रेसेल यांच्या उपरोधिक नावांना बाळबोध म्हणणाऱ्यांनी या दृष्टीने ती पुन्हा वाचावीत.

मराठीत हा ग्रंथ आणू पाहणाऱ्यास येथील बांधकामाच्या बोलीचा आधार पुष्कळ मिळेल. ठेक्याला आपल्याकडे एक शब्द नाही, अनेक आहेत: पोर्तुगिजांकडून आलेला ‘कंत्राट’, अरबी वळणाचा ‘मक्ता’, मराठवाड्यात कानडी-तेलुगूच्या शेजारामुळे रुळलेला ‘गुत्ता’. मजुरीच्या पद्धतींतील भेद तर बोलीने फार बारकाईने टिपले आहेत. ‘रोजंदारी’त वेळ मोजला जातो, म्हणून वेळ वाया गेल्याचा तोटा मालकाचा, ‘उक्ते’ कामात रक्कम ठोक ठरते, म्हणून तोटा घेणाऱ्याचा. ‘काम अंगावर घेणे’ या शब्दप्रयोगात तर जोखीम कोणाच्या शरीरावर येते तेही सांगून टाकलेले आहे. रश्टन आणि कंपनी उक्ते काम घेते आणि रोजंदारीवर करवून घेते. या दोहोंमधील अंतर म्हणजे तिचा नफा, आणि ते रुंद करण्यासाठी हंटरची सायकल. इंग्रजीत हे समजावण्यास ओवेनला पाव कापावा लागला. मराठी गवंड्याला दोन शब्दांत समजावे.

सर्वांत कठीण जाईल तो ‘लेबरर’ हा साधा शब्द. ‘मजूर’ चालेल, पण जागेवर कोणी मजूर म्हणत नाही; म्हणतात ‘बिगारी’. फारसीतील ‘बेगार’ म्हणजे मोबदला न देता सक्तीने करवून घेतलेले काम. ‘वेठबिगार’ या जोडशब्दात ते आजही उघड दिसते. रोजची मजुरी मिळवणाऱ्या माणसाला आपल्या भाषेने फुकट राबणाऱ्याचे नाव देऊन ठेवले आहे आणि उच्चारताना ते कोणाला खटकत नाही. फाटक्या विजारी घालून धन्याला आपल्या श्रमाचे दान करणारे परोपकारी, ही ट्रेसेल यांच्या शीर्षकातील उपरोधाची सारी कसरत या एका शब्दात पूर्वीच होऊन गेलेली आहे. शीर्षकाचा अनुवाद करताना तो वापरावा की टाळावा, हे ठरविणे सोपे नाही. वापरला तर उपरोध हरवेल, कारण मराठी वाचकाला त्यात उपरोध ऐकूच येणार नाही.